पहिल्या ओळीतला ताळा

ट्रंकेत वही एकच निघाली, आणि ती माझी नव्हती.

माझ्या वडलांना, अण्णांना जाऊन नऊ दिवस झाले होते. सेलूच्या घरात मी एकटीच त्यांचं सामान लावत बसले होते. चष्म्याची जुनी घरं, तपकिरीची डबी, खडूच्या भुकटीनं खिसा कायमचा फिका झालेला एक शर्ट, आणि तळाशी, धोतराच्या पानात गुंडाळलेली दोनशे पानी वही. कव्हर तपकिरी कागदाचं. त्यावर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात: सुनंदा, इयत्ता दहावी, बीजगणित. पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या हाताखालून किती वह्या गेल्या असतील. त्यातली एकच राखून ठेवावीशी वाटली, तीही माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीची. माझी साठी उलटलेली, दोन नातवंडं आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर होऊनही वर्ष झालं. तरी ते नाव वाचून पोटात जे दुखायला लागलं ते थेट दहावीतलंच दुखणं होतं.

माझी वही कुठं गेली ते मला चांगलं ठाऊक होतं. लग्नाच्या आधी घर आवरताना मीच ती रद्दीत घातली होती. पण जळणाऱ्याला असल्या गोष्टी आठवत नाहीत. अण्णांनी ती रद्दीतून काढून घ्यायला हवी होती, असं मला वाटत होतं.

वही उघडली तर दोन पानांच्या बेचक्यात कापसाचा बारीकसा पुंजका अडकलेला दिसला. पिवळा पडला होता. नाकाशी धरला, वास काही आला नाही, पण मला आलाच. दिवाळी झाली की आमच्या सेलूत हवाच बदलून जायची. खेड्यापाड्यांतून कापसाच्या गाड्या यायच्या, स्टेशनच्या रस्त्यावर बैलांची रांग लागायची, जिनिंगची यंत्रं दिवसभर घरघरत राहायची आणि सगळ्या गावाला सरकीचा तेलकट, गोडसर वास सुटायचा. कापसाचे तंतू उडत उडत वर्गात यायचे. आमच्या वेण्यांवर बसायचे, दौतीत पडायचे, आणि निबेला अडकले की अक्षराला शेपूट फुटायचं. अकराच्या सुमाराला मीटरगेजच्या गाडीची शिट्टी व्हायची, तेव्हा अण्णा फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे, कारण शिट्टीत त्यांचा आवाज ऐकू जायचा नाही. आम्ही सगळ्या मुली तेवढ्यात श्वास घेऊन घ्यायचो.

अण्णा शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत. मराठीत गणित शिकवायला लागून पंचवीस वर्षं झाली तरी वर्गमूळ म्हणताना त्यांच्या तोंडी आधी 'जजर' यायचं, उत्तराला ते जवाबच म्हणायचे. वर्गमुळाची समीकरणं हा त्यांचा जीव. वर्गमुळाच्या चिन्हात अडकलेला क्ष मोकळा करायचा तर दोन्ही बाजूंचा वर्ग करावा लागतो. पण वर्ग केला की अधिक-उण्याचा फरक पुसला जातो. दोनाचा वर्ग चार आणि उणे दोनाचाही चारच. मग शेवटी हातात दोन उत्तरं येतात आणि त्यांतलं एखादं त्या समीकरणाचं नसतंच, वर्ग करताना आत शिरलेलं असतं. अण्णा फळ्यावरून मागं वळून सांगायचे, "वर्ग केला म्हंजे दरवाजा उघडला. उघड्या दरवाजातून कोनीबी येतंय. जवाब घरचा हाय का परका, ते पैल्या ओळीला जाऊन इचारायचं."

पहिल्या ओळीला, म्हणजे वर्ग करण्याच्या आधीच्या ओळीला. यावर त्यांचा कटाक्ष असायचा. दुसऱ्या ओळीत, वर्ग केल्यानंतरच्या समीकरणात ताळा करून पाहिला तर खरं आणि खोटं, दोन्ही उत्तरं बरोबरच येतात. तिथं चोर सापडत नाही.

आणि ताळा करायची त्यांची रीत दुसऱ्या कुठल्या शाळेत मी ऐकली नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. वहीचं डावं पान सोडवणाऱ्याचं, उजवं पान जोडीदाराचं. आपण उदाहरण सोडवायचं, जी उत्तरं येतील ती सगळी लिहायची आणि वही शेजारी सरकवायची. ताळा जोडीदार करणार, खोटं उत्तर तो खोडणार, खाली सही करणार. आपलं उत्तर आपण खोडायला सक्त मनाई होती, कारण आपलं पोर आपल्याला कधी वाईट दिसत नाही, असं अण्णांचं म्हणणं होतं. जोडीदारानं सही केली की तेच उत्तर कायम. मग सरसुद्धा त्याला हात लावणार नाहीत.

दहावीला त्यांनी माझी जोडी सुनंदाशी लावली.

ती चुडाव्याकडच्या एका खेड्यातली. सेलूला मामाकडे राहायला आली होती. मामा रेल्वेत गँगमन, लाइनीच्या पलीकडे त्यांचं क्वार्टर होतं. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं. भिंतींवर चुन्यानं घोषणा लिहिलेल्या असायच्या, काहींवर कुणी डांबर फासलेलं असायचं, आणि मोठी माणसं पारावर बोलता बोलता कुणी आलं की विषय बदलायची. तिच्या गावी आदल्या वर्षी काय झालं होतं ते आमच्या घरी कुणी मोठ्यानं बोललं नाही. एवढंच कळलं की त्यांचं घर आता तिथं नाही. मला त्याचं काय वाटलं ते मी खरं सांगते. मला फार काही वाटलं नाही. मला वाटलं ते तिनं पहिल्या आठवड्यात फळ्यावरचं उदाहरण अण्णांच्या आधी तोंडी सोडवलं तेव्हा. अण्णा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "शाबास, बेटा."

मला त्यांनी कधी बेटा म्हटलं नव्हतं. घरी मी 'ए' होते, वर्गात माझं आडनाव होतं. शिक्षकाच्या मुलीला शाबासकी दिली तर लोक काय म्हणतील, म्हणून माझ्या वाटची शाबासकी अण्णा गिळून टाकायचे. हे मला आईनं पुष्कळदा समजावलं होतं आणि मलाही ते पटायचं. पण ती गिळलेली शाबासकी सगळी साठवून त्या मुलीला द्यायची, हे काही मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचं सगळंच माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिचं अक्षर. वर्गमुळाच्या चिन्हाची ती लांब, सरळ मांडवासारखी रेघ, जी माझी नेहमी घसरायची. तिच्याकडे एकच परकर-पोलकं होतं, तरी ते माझ्या दोन्हींपेक्षा स्वच्छ असायचं. गणित येत नसलं की मुली रडायच्या. तिला येत नसलं की ती हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायची. रविवारी अण्णा आम्हा दोघींना घरी ओसरीवर जादा उदाहरणं घालायचे. आई तिला चहा द्यायची तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप वेगळ्या कोनाड्यात असायचा. एका रविवारी चहा आल्यावर अण्णांनी न बोलता तो तुटका कप स्वतःकडे ओढला आणि आपला चांगला कप सुनंदापुढे सरकवला. आई आत गेली ती तासभर बाहेर आली नाही. त्या प्रसंगात अण्णा किती मोठे होते ते कळायला मला पुढं पुष्कळ वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मला इतकंच दिसलं की अण्णांच्या कपाला आजवर मी तोंड लावलं नव्हतं, आणि ती लावत होती.

माघात परभणीला जिल्ह्याची गणिताची स्पर्धा असायची. शाळेतून एकच नाव जायचं. अण्णांनी पाच शनिवार पाच उदाहरणं घालायचं ठरवलं, ज्याची जास्त बरोबर तो परभणीला. चार शनिवारांनंतर वर्गात दोघीच उरलो, बरोबरीत. मला परभणी बघायची नव्हती, ती मी मावशीकडे चार वेळा बघितली होती. मला स्टेशनवर अण्णांबरोबर उभं राहायचं होतं. त्यांनी दोन तिकिटं काढायची, गाडीत मला खिडकी द्यायची आणि वाटेत कुणी विचारलं तर सांगायचं, की ही आमची मुलगी, स्पर्धेला चाललोय. यातलं काहीही सुनंदाच्या वाट्याला गेलं असतं तर मी अन्न सोडलं असतं असं मला वाटायचं.

पाचव्या शनिवारचं उदाहरण आज माझ्या मांडीवरच्या वहीत होतं. शेवटून सहावं पान. क्ष अधिक एकचं वर्गमूळ बरोबर क्ष वजा पाच. डाव्या पानावर तिनं दोन्ही बाजूंचा वर्ग केला होता, अवयव पाडले होते आणि खाली दोन उत्तरं लिहिली होती: आठ किंवा तीन. माझ्याही वहीत तीच आली होती. आम्ही वह्या बदलल्या. बाहेर गाडीची शिट्टी झाली, अण्णा खिडकीकडे वळले. मी तिचं आठ पहिल्या ओळीत घातलं. डावी बाजू नवाचं वर्गमूळ, तीन. उजवी बाजू आठ वजा पाच, तीन. बरोबर. मग तीन घातलं, मनातल्या मनात. डावी बाजू चाराचं वर्गमूळ, दोन. उजवी बाजू तीन वजा पाच, उणे दोन. तीन परका होता. एक आडवी रेघ ओढायची, सही करायची, वही परत द्यायची. एवढंच काम होतं.

मी दोन्ही उत्तरांचे ताळे उजव्या पानावर नीट लिहून काढले, पण दुसऱ्या ओळीत. वर्ग केल्यानंतरच्या ओळीत. आठ घातलं तर नऊ बरोबर नऊ. तीन घातलं तर चार बरोबर चार. खाली लिहिलं, दोन्ही उत्तरे योग्य, आणि सही केली. यातला एक आकडा खोटा नव्हता. कुणी विचारलं असतं तर मी प्रत्येक पायरी छातीठोकपणे दाखवली असती. वही परत सरकवली तेव्हा माझी वही तिनं आधीच माझ्यापुढं ठेवली होती. तिनं माझा तीन खोडला होता, पट्टी लावून, सरळ.

तिनं आपली वही उघडली. वाचली. मग माझ्याकडे बघितलं नाही, फक्त पानावर पडलेला कापसाचा तंतू फुंकून उडवायला गेली, तो उडाला नाही, आणि तिनं वही मिटली.

परभणीला मी गेले. खिडकी मिळाली. अण्णा शेजारी बसले होते. मानवत रोडच्या पुढं डब्यात कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "विद्यार्थिनी हाय." मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. ते अण्णांनी घडी करून मला दिलं आणि सांभाळून ठेव म्हणाले. भिंतीवर लावलं नाही. मी त्यांच्यावर रुसले होते की स्वतःवर, ते आता सांगता येत नाही.

सोमवारी सुनंदानं नवी वही काढली आणि नेहमीसारखी माझ्याकडे सरकवली. परीक्षेपर्यंत रोज सरकवली. तिचं प्रत्येक उत्तर त्यानंतर मी पहिल्या ओळीत दोनदा तपासलं. उन्हाळ्यात मामाची बदली झाली आणि ती नांदेडला गेली. तिथं शिकली, पुढं गणिताचीच शिक्षिका झाली. अण्णांना तिची पत्रं यायची. मी माहेरी आले की ती खिडकीच्या कडीजवळ खोचलेली दिसायची. मी कधी वाचली नाहीत, पण मोजली पुष्कळदा.

वही सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती भेटायला आली. मी तिला कितीतरी वर्षांनी बघत होते. केस पांढरे, चष्मा जाड, हसणं तेच. अण्णांच्या फोटोपुढं उभी राहिली आणि रडली. आवरायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. दहा दिवसांत मला असं रडू आलं नव्हतं, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी असताना मला वाईट वाटायच्या ऐवजी राग येत होता, की हिला बरं जमतं. वही मी आदल्या दिवशीच उशीखाली घालून ठेवली होती. तिला सांगायचं नाही, असं ठरवलंही होतं.

चहा झाला. मी दोन्ही कप सारखेच काढले होते. तिनं सांगितलं, की नांदेडच्या शाळेत तिनं अखेरपर्यंत डावं पान-उजवं पान चालवलं, पोरं वैतागायची. म्हणजे अण्णांची रीतही तिच्याकडेच गेली होती. मी उठले आणि उशीखालची वही आणून तिच्यापुढं ठेवली. का आणली ते ठाऊक नाही. बहुतेक असं वाटलं, की सगळं हिचंच आहे तर हेही घेऊन जाऊ दे.

तिनं वही ओळखली, पण उघडली नाही. मीच शेवटून सहावं पान काढलं आणि म्हटलं, मी हे मुद्दाम केलं होतं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. इतकी वर्षं शहरात काढून तिची बोली त्या क्षणी सेलूच्या बाकावर परत आली. "त्याच दिवशी म्हाईत व्हतं. सरांनाबी. दोन वह्या शेजारी ठिवल्या की कुणालाबी दिसतंय."

मग तिनं जे सांगितलं ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर अण्णांनी तिला थांबवून घेतलं होतं. विचारलं, की हे काय आहे. ती म्हणाली, मीच तिला दोन्ही ठेव म्हणून सांगितलं, माझी चूक. मामानं बजावलं होतं, की सेलूत टिकायचं असेल तर कुणाचं नाव घ्यायचं नाही, त्यातून ती तर सरांची मुलगी. अण्णांना ते खोटं लगेच कळलं. पण नियम त्यांचाच होता. सही झालेल्या उत्तराला हात लावायचा नाही.

मी विचारलं, मग अण्णा काय म्हणाले.

तिनं त्या पानावर हात ठेवला. "म्हनले, तिनं एक आकडा खोटा लिवला न्हाई बघ, एवढी हुशार हाय माझी पोरगी. अन् मग फळ्याकडं तोंड करून रडले. मला म्हनले, ही वही माझ्यापाशी राहू दे."

मी अण्णांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. हुशार आहे माझी पोरगी, हे ऐकायला मी दहावीपासून कान देऊन बसले होते, आणि ते त्यांनी म्हटलं होतं. तिच्यापुढं म्हटलं होतं. माझ्यामुळं वाहिलेले त्यांचे डोळे तिनं पाहिले होते. त्या शनिवारी मी घरी काय करत होते ते मला पक्कं आठवतं. परभणीला न्यायच्या रिबिनीला इस्त्री करत होते.

वहीत आणखी काय आहे ते मी तेव्हा पाहिलं. उजवी पानं सगळी माझ्या अक्षरातली होती. जून ते माघ, दीडशेच्या वर ताळे, प्रत्येकाखाली माझी सही. माझं पोरवयातलं अक्षर सगळ्या घरात तेवढंच उरलं होतं.

सुनंदानं पर्समधून पेन काढलं. टोपण उघडून माझ्यापुढं धरलं. मी शेवटून सहाव्या पानावर, माझ्या जुन्या सहीखाली, पहिल्या ओळीत ताळा केला. डावी बाजू दोन. उजवी बाजू उणे दोन. मग डाव्या पानावरचा तिचा तीन खोडला. पट्टी नव्हती, रेघ वाकडीच आली. सही केली आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिनं चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. मान डोलावली, वही पर्समध्ये घातली आणि पदरानं डोळे टिपत साडेचारच्या गाडीसाठी उठली. मी तिला थांब म्हणाले नाही. दारातून ती दिसेनाशी झाली तेव्हा मी आत येऊन रिकाम्या ट्रंकेजवळ खाली बसले, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.